डाव्या बाजूचं दार

लिफ्टचं दार सरकून बंद झालं आणि समोरच्या भिंतभर आरशात त्याला आपल्या शर्टाची काजपट्टी भलत्याच बाजूला दिसली. आरशात ती तशीच दिसणार. ऐंशीला टेकलेल्या माणसाने दचकावं असं त्यात काही नाही. पण घरी तो दाढी करायचा बनियनवर, आणि शर्ट घालायचा आरशाकडे पाठ करून, कारण त्या वेळी आरशासमोर बायको असायची. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पत्र्याचे तुकडे होते. चौथ्या मजल्यावरचा पाट्या बनवणारा उरलेले तुकडे त्याच्यासाठी बाजूला ठेवायचा आणि दर वेळी विचारायचा, "काय काका, किती झाले रणगाडे?" रणगाडा नव्हे, चिलखती गाडी, चाकांची, आणि एकच, असं त्याच्या ओठांवर यायचं. ते गिळून तो नुसता हसायचा. आजही तसाच हसून तो लिफ्टमध्ये शिरला होता आणि ते हसू अजून चेहऱ्यावर राहून गेलेलं त्याला आरशात दिसत होतं. त्या हसण्याखाली ती पट्टी. ही पट्टी त्याने अशीच कुठेतरी पाहिली होती. कुठेतरी कसली, गेले सात महिने रोज भिंगाखाली पाहत होता, भिंतीवरच्या फोटोत, दादाच्या छातीवर. लिफ्ट खाली टेकली. बाहेर उभी असलेली एक बाई म्हणाली, "आजोबा, उतरताय ना? की परत वर?" तो उतरला नाही. ती बाई चढली, दुसऱ्या मजल्यावर उतरली, आणि तो एकटाच चौथ्यापर्यंत जाऊन पुन्हा खाली आला, आरशातल्या पट्टीवर बोट ठेवून, आंधळ्याने अक्षर चाचपावं तसा.

फोटो एकच होता. युद्धात तसल्या गाड्या बनल्याच तीन, त्याही कारखान्यात नव्हे, रेल्वेच्या एका दुरुस्ती-शेडमध्ये, लॉरीच्या सांगाड्यावर बॉयलरचा पत्रा ठोकून, घाईगर्दीत. त्यांचा नकाशा कुणी काढला नाही. एक जळली, ती दादाची; दोन भंगारात गेल्या. तयार मॉडेलचा खोका आणून भाग चिकटवायचे, असलं काही इथे नव्हतंच. सगळं कोऱ्या पत्र्यातून कापून काढायचं होतं. फोटोत गाडीशेजारी दादा उभा आहे, एक हात दारावर. दादाची उंची पाच फूट सात इंच. त्यावरून दाराची उंची, दारावरून चाकाची, चाकावरून लांबी, असं करत त्याने सगळी मापं काढली होती आणि एकास चोवीस या प्रमाणात उतरवली होती. नळाच्या वायसरांचे टायर झाले, टिचबटनांचे दिवे, इंजेक्शनच्या सुईची मशीनगन. रिव्हेट तीनशे बारा; सुईच्या टोकाने डिंकाचा एकेक थेंब ठेवून केलेले. फोटोतला प्रत्येक रिव्हेट त्याला पाठ होता. दादाकडे मात्र त्याने पाहिलं नव्हतं. मोजपट्टीसारखा त्याचा उपयोग केला होता एवढंच. खरं तर दादाच्या कोपराआड चार रिव्हेट झाकले जात होते म्हणून तो दादावर थोडा वैतागलाच होता.

घरी आल्यावर त्याने चपला काढायच्या आधी भिंतीवरचा फोटो खाली घेतला. बायको आतून म्हणाली, "आलात? आणि ती फ्रेम कशाला काढली? आता फोटोचीही गाडी करणार का?" तो फ्रेम खिडकीपाशी घेऊन गेला. काजपट्टी चुकीच्याच बाजूला होती. म्हणजे फोटो उलटा होता. दुसरंही काही असू शकेल, त्याने स्वतःला समजावलं. शिंप्याची चूक असेल, शर्ट कुणा दुसऱ्याचा असेल. पण शिंपी सैन्याच्या हजारो शर्टांत एकच शर्ट उलटा शिवत नाही. कपाटाच्या तळाशी एक पत्र्याची पेटी होती. तीत छापखान्यातून निवृत्त होताना मिळालेलं घड्याळ होतं, जुन्या पावत्या होत्या आणि बटरपेपरच्या पाकिटात एक निगेटिव्ह. त्याने ती कडेने धरली. निगेटिव्ह कडेने धरायची सवय हातांनी सोडली नव्हती. खिडकीतल्या उजेडापुढे, चकाकणारी बाजू आपल्याकडे, मंद बाजू पलीकडे. जग जसं असतं तसं दिसायचं असेल तर निगेटिव्ह अशी धरायची असते, हे त्याने अडतीस वर्षं नव्या लोकांना शिकवलं होतं. काळ्या आभाळाखाली पांढरा दादा उभा होता. दार गाडीच्या उजव्या बाजूला होतं.

गाडीची रचनाच अशी होती की फसायला वाव होता. चालकाची जागा मधोमध, समोर एकच झडप, वर मशीनगनची फिरती घुमटी; पुढून पाहिलं तर दोन्ही अंगं सारखी. नंबर अजून रंगवलेला नव्हता. एका अंगाला दार आणि दुसरं अंग कोरं, डावं-उजवं कळायचं ते एवढ्यावरूनच.

फोटो मोठा केला तेव्हा तो छापखान्यात कॅमेऱ्यावर होता, बावीस वर्षांचा. सगळे त्याला घुबड म्हणायचे, कारण दिवसभर अंधाऱ्या खोलीत. घुबडाला ते बरं होतं. अंधारात माणसाला फार बोलावं लागत नाही. तिथे प्लेट करण्यासाठी फिल्म मुद्दाम उलटी ठेवायची असते, मंद बाजू वर, म्हणजे पुढे छापताना ती सुलटी होते. दिवसाला पन्नास फिल्मा तो तशा ठेवायचा. युद्ध संपून दादा घरी आला होता, खांद्याला प्लॅस्टर, आणि खिशात ही निगेटिव्ह. तिची प्रतही कुणी काढलेली नव्हती. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत, कुणाला न विचारता, त्याने ती मोठी करून काढली. मंद बाजू वर ठेवून, रोजच्यासारखी. हात सवयीने चालले आणि डोक्यात आनंद होता, दोन्ही एकदम असले की माणूस चुकतोच. संध्याकाळी त्याने ओलसर फोटो दादापुढे धरला. दादा किती वेळ बघत राहिला होता! तेव्हा त्याला वाटलं होतं, दादाला रडू येतंय. मग दादा म्हणाला होता, "छान आलाय." आणि थोड्या वेळाने, "मोठी फ्रेम करून आणू. बाहेरच्या खोलीत लावू."

त्याच्या आधी दादाने काय सांगितलं होतं? हे आठवायला तो खुर्चीत बसला. बायकोने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. घरी आला त्या दिवशी आई दादाच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि दादा एवढंच म्हणाला होता, "त्याला काढता आलं नाही." त्याला म्हणजे लंबूला. दादा गाडी चालवायचा, लंबू मशीनगनवर होता, सव्वासहा फूट, घुमटीत बसताना घडीच्या खुर्चीसारखा मिटायचा आणि दादा त्याला म्हणायचा, तुला पोस्टाने पाठवला असता तर स्वस्त पडला असता. डावी-उजवी तेव्हा कुठेच नव्हती. ती आली लंबूची बायको आली तेव्हा, कडेवर दोन वर्षांची मुलगी घेऊन. ती रडत नव्हती. नुसती विचारत होती, "भावजी, दार नव्हतं का? गाडीला दार असतंच ना?" आणि दादा उठून भिंतीपाशी गेला होता आणि फोटोवर बोट ठेवून म्हणाला होता, "वहिनी, हे दार. डाव्या बाजूला. आणि गाडी याच कुशीवर खड्ड्यात पडली. दार खाली दबलं. मी पुढच्या झडपेतून निघालो, तो त्यातून निघण्यासारखा नव्हता. घुमटीचं झाकण वाकून बसलं होतं." तिने फोटोला हात लावला होता, काचेवर, दारावर. आणि तो, घुबड, कोपऱ्यात उभा राहून मनात म्हणत होता, बरं झालं आपण फोटो मोठा केला, निदान त्या बाईला कळलं तरी. त्याला अभिमान वाटला होता. त्या अभिमानाची चव सत्तावन्न वर्षांनी त्याच्या तोंडात आली आणि त्याने गार चहा पिऊन टाकला.

एक पळवाट होती, आणि ती सापडताच त्याला जरा बरं वाटलं. गाडी उजव्या कुशीवर पडली असेल. दार उजवीकडेच होतं, तेच दबलं, आणि दादाने फक्त फोटोत दिसतंय म्हणून डावी म्हटलं असेल. शोकात बुडालेल्या बाईला कुठे समजावत बसणार की फोटो उलटा आहे. ही पळवाट त्याला संध्याकाळपर्यंत पुरली. मग बायकोने वरच्या फळीवरचा डबा काढायला हात वर केला आणि त्याला दादाचा डावा हात आठवला. तो हात कानाच्या वर कधी गेला नाही. दादाच्या लग्नात हार घालताना नवरीला वाकावं लागलं होतं आणि सगळे हसले होते. गाडी आडवी झाली तेव्हा दादा डावीकडे फेकला गेला आणि डावा खांदा पत्र्यावर आपटून मोडला, हे डॉक्टरच्या कागदावर लिहिलेलं होतं, त्याने स्वतः वाचलेलं. गाडी डाव्याच कुशीवर पडली होती. म्हणजे दार वर होतं. आभाळाकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी त्याने दादाला फोन केला. दादा मुलाकडे राहायचा, शहराच्या दुसऱ्या टोकाला. काचबिंदूने डोळे गेलेले, आता फक्त उजेड आणि सावली एवढंच कळायचं. गाडी करायला त्यानेच सांगितलं होतं. लंबूची मुलगी नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाली होती आणि एकदा दादाला म्हणाली होती, काका, बाबा कुठे बसायचे ते मला एकदा बघायचंय. लहानपणापासून ती त्याला काका म्हणत आली. तिच्या शाळेच्या अर्जावर पालक म्हणून दादाची सही होती, तिच्या लग्नात पाठवणीला दादा उभा होता. येत्या रविवारी ती येणार होती.

"झाली का रे?" दादाने विचारलं.

"होत आली. बाजूचे पत्रे चिकटवायचेत फक्त."

"मग चिकटव की. मुहूर्त बघतोयस का? मी काही फार दिवस थांबायचा नाही, तिकीट काढून बसलोय."

"दादा, एक विचारायचं होतं. दार नक्की डावीकडेच ना?"

पलीकडे पंख्याचा आवाज ऐकू येत होता. कुणीतरी भांडं ठेवलं.

"फोटोत काय आहे?" दादा म्हणाला.

"फोटोत डावीकडे."

"मग? फोटो कुणी काढला मोठा करून? मी का तू?"

"मीच."

"मग मला काय विचारतोस, आंधळ्याला?" दादा हसला. पण फोन ठेवायच्या आधी थांबला आणि म्हणाला, "ती जेवायला थांबणार आहे का रे? थांबव तिला. उगाच घाईने जाते."

शुक्रवारी दुपारी बायको झोपली होती तेव्हा त्याने गाडीचा सांगाडा टेबलावर डाव्या कुशीवर आडवा केला. तांब्याच्या तारेचा एक माणूस केला, पाच फूट सात इंच भागिले चोवीस, सात सेंटिमीटर. दारासाठी उजव्या अंगाला पेन्सिलने चौकोन काढला. तारेच्या माणसाला त्याने सांगाड्याशेजारी उभा केला. एक पाय मागच्या चाकाच्या दांड्यावर ठेवला, दुसरा वर, आणि हात पुढे केला. हात मुठीपाशी पोचला. दोन पावलं. पत्र्याचं दार पन्नास-साठ किलोचं, आणि ते खालून वर उचलायचं, मोडक्या खांद्याने, एका हाताने. उचलवलं नसतं. हे लक्षात येऊन त्याला एकदम हायसं वाटलं, दादाला ओरडून सांगावंसं वाटलं की अरे, उचलवलंच नसतं! पण मग दादाला वहिनींनाही तेच सांगता आलं असतं. मी ओढलं, मला उचलवलं नाही, असं. हे सांगायला डावी बाजू लागत नव्हती. डावी बाजू त्यालाच लागते ज्याने ओढून पाहिलं नाही. की ओढून पाहिलं, पण पुरेसं ओढलं का हे सत्तावन्न वर्षं ज्याला ठरवता आलं नाही त्यालाही लागते? तो तारेच्या माणसाकडे बघत राहिला. तारेचा माणूस वर चढलेला होता कारण त्याने त्याला वर चढवला होता. त्याला खाली घेऊन, पाठ फिरवून, टेबलाच्या कडेपर्यंत नेऊन उभं करणंही तितकंच सोपं होतं. त्याने दोन्ही करून पाहिलं. आत एक माणूस किती वेळ हाका मारू शकतो हे कोणत्याच मापात उतरवता येत नव्हतं. आणि या सगळ्यात घुबडाची जागा कुठे? दादाने गोष्ट रचली हे खरं, पण रचायला जागा कुणी दिली? भिंतीवर दार सुलटं असतं तर दादाला त्या बाईसमोर काय म्हणावं लागलं असतं? ते म्हणून तो कदाचित मोकळा झाला असता. किंवा गळफास घेतला असता. हेही त्याला कळत नव्हतं. आयुष्यभर आपल्याला दुसऱ्याच्या मनातलं काही कळत नाही, असा त्याला संशय होताच; आता स्वतःच्या हातांचंही कळेनासं झालं.

"अहो," बायको दारात उभी होती, डोळे चोळत. "हे काय? पाडलीत की काय गाडी?"

"पडली होतीच," तो म्हणाला.

"मग उचला. रविवारी माणसं यायचीत." ती जवळ आली. तारेचा माणूस तिने दोन बोटांत धरला. "हा कोण? भावजी?"

"हो."

"बारीक केलात अगदी," ती म्हणाली आणि त्याला जपून, पाय टेकतील असा, टेबलावर ठेवून गेली.

शनिवारी त्याने उजवीकडे दार असलेला पत्रा कापला, आणि डावीकडचा कोरा. आधीची आणि ही, दोन्ही जोड्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. रिव्हेट मोजले, पुन्हा मोजले. या प्लॅस्टिकला लावायचा द्रव पाण्यासारखा पातळ असतो. ब्रशचं टोक सांध्याला टेकवलं की तो आपसूक आत ओढला जातो आणि एका श्वासात दोन पत्र्यांचा एक होतो. नंतर काही करता येत नाही. त्याने ठरवलं असं म्हणता येणार नाही. त्याने ब्रश बुडवला, आणि जो पत्रा हाताशी होता, सात महिने हाताशी होता, तो लावला. डावीकडे दार. उजवीकडे कोरा. वाळल्यावर कोऱ्या बाजूवरून अंगठा फिरवून पाहिला. काम चांगलं झालं होतं. सांधा दिसत नव्हता.

रविवारी मुलाने दादाला आणून सोडलं. लंबूची मुलगी आधीच आली होती. उंच बाई, साठीची, दारातून येताना अजून मान वाकवायची. तिने दादाचा हात धरून त्याला खुर्चीत बसवलं, नाडी बघावी तसा मनगटावर अंगठा ठेवूनच. "काका, वजन कमी झालंय तुमचं. सून जेवायला घालत नाही का?"

"घालते गं. मीच खाऊन दाखवत नाही."

त्याने गाडी आणून तिच्यासमोर ठेवली. नेहमी लोक म्हणतात तसं, बापरे, किती बारीक काम, असं काही ती म्हणाली नाही. "धाकटे काका," तिने विचारलं, "बाबा कुठे बसायचे?" त्याने घुमटी उचलून बाजूला ठेवली. आत दोन सेंटिमीटरची एक बैठक होती. तिने करंगळी आत घातली आणि बैठकीवर टेकवली. बोट जेमतेम आत गेलं, कडेला घासलं. "एवढ्यात?" ती म्हणाली. मग पुन्हा, कुणालाच न विचारल्यासारखं, "एवढ्यात."

"मला दे," दादा म्हणाला.

तिने गाडी दादाच्या मांडीवर ठेवली, तोंड पुढे करून, जणू तोच आत बसलाय. दादाचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर पडून राहिला. उजवा हात गाडीवर आला. बोटं पुढच्या झडपेवर थांबली, तिथून चाकावर उतरली, चाकावरून मागे सरकली. घाई नव्हती. अंधारात आपल्या घरात फिरणारा माणूस जसा फिरतो तशी ती फिरत होती. मग उजव्या अंगाला, मागच्या चाकाच्या जरा वर, ती थांबली. अंगठा खाली आला, मूठ पकडायला वळतो तसा वळला आणि कोऱ्या पत्र्यावरून घसरला. पुन्हा वळला. नख प्लॅस्टिकवर वाजलं. दादाचा श्वास वरवर चालू झाला होता. नख पत्र्यावर फिरत होतं, कड शोधत, वर, खाली, परत वर, आणि दादाच्या चेहऱ्यावर असं काही होतं की त्याला वाटलं उठून खिडकी बंद करावी, दिवा घालवावा, काहीतरी करावं. तो बसून राहिला.

"काका," ती म्हणाली. तिने दादाचा हात हलकेच उचलला, आजाऱ्याचा उचलतात तसा, आणि गाडीवरून पलीकडे नेऊन डाव्या अंगाला ठेवला. "दार इकडे आहे."

बोटांना दार लागलं. बिजागऱ्या लागल्या, मूठ लागली. दादाने हात तसाच ठेवला.

"हो," तो म्हणाला. "इकडे."

"आणि गाडी याच बाजूवर पडली होती ना?"

दादाने तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं. त्याने मान वळवली, पण तिच्याकडे नव्हे. जिथून भावाच्या श्वासाचा आवाज येत होता तिकडे. न दिसणारे डोळे त्याच्या चेहऱ्यावर जरा बाजूला, कानापाशी, येऊन थांबले. दादा विचारत होता की विनवत होता की सांगूनच टाकणार होता, ते त्याला कळलं नाही.

"हो," तोच म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाही मोठा वाटला. "याच बाजूवर. डाव्या."

दादाने तोंड मिटलं.

तिने मान हलवली. गाडी दादाच्या मांडीवरून उचलून तिने टेबलावर ठेवली आणि मग सावकाश, एक हात खाली धरून, डाव्या कुशीवर आडवी केली. दार खाली गेलं. चाकं एका बाजूला आली, त्यातलं एक अर्धा फेरा फिरून थांबलं. वर आलेल्या पत्र्यावर तिने तळहात ठेवला. तो पत्रा सपाट होता, गार होता आणि त्यात उघडण्यासारखं काही नव्हतं. तिने तो हात बराच वेळ उचलला नाही.